खेळाच्या खोलीसाठी मोठा टीव्ही : आधी खोली पाहा, मग पॅनल

हॉलमधल्या टीव्हीचे आणि खेळाच्या खोलीतल्या टीव्हीचे काम एकसारखे नसते. हॉलमध्ये माणसे सोफ्यावर, टीव्हीच्या समोर आणि बहुधा दिवेलागणीनंतर बसतात. खेळाच्या खोलीत भर दुपारी खिडक्या सताड उघड्या असतात. एक मूल चटईवर पालथे पडलेले असते, दुसरे कोपऱ्यात बीन बॅगवर लोळत असते, मधूनच एखादा चेंडू भिंतीवर आपटतो आणि स्क्रीनवर एकच गेम तासन्‌तास चालू असतो. फ्लॅटमधली तिसरी बेडरूम असो, रो-हाउसच्या वरच्या मजल्यावरची खोली असो की गच्चीला लागून काढलेली, तिथे मोठा टीव्ही लावायचा म्हटले की हे सगळे गृहीत धरावे लागते.

दुकानात मात्र बोलणे सुरू होते ते ‘ओएलईडी चांगला की क्यूएलईडी?’ या प्रश्नाने. त्याचे सरसकट उत्तर नाही. सिनेमा पाहण्यासाठी जे तंत्र सर्वोत्तम, तेच खेळाच्या खोलीत महागात पडू शकते. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा : आधी खोलीचे माप, मग तिथला उजेड आणि बसण्याच्या जागा, मग स्क्रीनवर दिवसभर काय चालणार याचा अंदाज आणि सर्वांत शेवटी पॅनलचे तंत्र.

किती इंची?

टीव्हीचे इंच कर्णाचे असतात. भिंतीवर किती जागा लागेल हे त्यावरून चटकन कळत नाही. १६ : ९ आकाराच्या ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर आणि उंची ६९ सेंटीमीटर भरते. ६५ इंचीला १४४ बाय ८१, ७५ इंचीला १६६ बाय ९३ आणि ८५ इंचीला १८८ बाय १०६ सेंटीमीटर लागतात. कडा आजकाल बारीक असतात, त्यामुळे एकदोन सेंटीमीटरच वाढवायचे. खरेदीपूर्वी या मापाचा चौकोन भिंतीवर मास्किंग टेपने आखून दोन दिवस तसाच ठेवा. कपाटाचे दार कुठे उघडते, स्विचबोर्ड कुठे येतो, खिडकी किती जवळ आहे, हे सगळे त्यातून दिसते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. सिनेमा-गेमसाठी कर्णाच्या सव्वापट आणि नेहमीच्या पाहण्यासाठी दीडपट ते पावणेदोनपट अंतर सुखाचे असते. ५५ इंचीसाठी ते साधारण साडेपाच ते साडेसात फूट येते, ६५ इंचीसाठी साडेसहा ते नऊ फूट आणि ७५ इंचीसाठी साडेसात ते साडेदहा फूट. आपल्याकडची खोली बहुधा १० बाय १२ फुटांची. लांबीच्या भिंतीवर टीव्ही लावला तर समोर जेमतेम आठ फूट उरतात, आखूड भिंतीवर लावला तर दहा. मुले बसतात ती याच्याही पुढे, जमिनीवर, पाचसहा फुटांवर. म्हणून अशा खोलीत ५५ ते ६५ इंची टीव्ही पुरेसा आहे. ७५ इंची घ्यायचा तर खोली चौदा फुटांच्या पुढची हवी.

रिझोल्यूशनची चिंता फारशी नको. या आकारात आता फोर-के हेच प्रमाण झाले आहे : आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. ६५ इंची फोर-के टीव्हीतला एकेक ठिपका साधारण सव्वाचार फुटांपलीकडून निरोगी डोळ्यालाही सुटा दिसत नाही. मग एट-केसाठी जादा पैसे मोजून या खोलीत हाती काहीच लागत नाही. उलट डीटीएचवरचे साध्या दर्जाचे चॅनेल मोठ्या स्क्रीनवर पुसट दिसतात. तिथे ठिपक्यांच्या संख्येपेक्षा टीव्हीचा प्रोसेसर चित्र किती नीट सुधारतो याला महत्त्व आहे.

पाट्या अनेक, तंत्रे दोन

शोरूममध्ये एलईडी, क्यूएलईडी, क्यूएनईडी, निओ क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशा पाट्या दिसतात. त्यांचा पसारा दोन घराण्यांत बसतो.

पहिले घराणे एलसीडीचे. यात द्रवस्फटिकांचा थर स्वतः उजेड देत नाही. मागून येणारा उजेड अडवणे किंवा जाऊ देणे एवढेच त्याचे काम. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे मागे एलईडी दिवे लावलेला एलसीडीच. क्यूएलईडीमध्ये त्याच दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा पापुद्रा असतो. हे अतिसूक्ष्म कण आपल्या आकारानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश देतात, त्यामुळे लाल आणि हिरवा रंग अधिक शुद्ध उमटतो. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मुंगी बावेंडी, लुईस ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले. पण रंग सुधारला म्हणून काळा रंग सुधारत नाही. तो मागचे दिवे कसे लावले आहेत यावर ठरतो.

स्वस्त टीव्हीत दिवे कडेने असतात, किंवा मागे असले तरी सगळे एकदमच कमी-जास्त होतात. त्यामुळे रात्रीच्या दृश्यात काळ्याऐवजी राखाडी दिसते. त्यावरचा उपाय म्हणजे लोकल डिमिंग : जिन्यातले दिवे मजल्यामजल्याने बंद करता यावेत तसे मागच्या दिव्यांचे विभाग पाडून, जिथे चित्र काळे तिथले दिवे मंद करायचे. मिनी एलईडीत दिवे इतके बारीक असतात की विभागांची संख्या शेकड्यांत, महाग मॉडेल्समध्ये हजारांत जाते. टीसीएलने २०१९ मध्ये असे टीव्ही बाजारात आणले आणि २०२१ पासून सॅमसंगने ‘निओ क्यूएलईडी’ नावाने तेच तंत्र घेतले. यातही एक उणीव राहते. विभाग हा एका ठिपक्यापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धूसर वलय दिसू शकते.

दुसरे घराणे ओएलईडीचे. इथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो. म्हणून काळा रंग खरोखर काळा, वलय नाही, बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत आणि वेगवान हालचालीत ठिपका बदलायला जवळजवळ वेळच लागत नाही. सोनीने २००७ मध्ये ११ इंची ओएलईडी टीव्ही विकायला काढला. ५५ इंची टीव्ही एलजीने २०१३ मध्ये आणला. २०२२ पासून सॅमसंग आणि सोनीच्या काही मॉडेल्समध्ये क्वांटम डॉटची जोड दिलेले क्यूडी-ओएलईडी पॅनलही येऊ लागले.

बाकीची नावे या खरेदीपुरती बाजूला ठेवा. प्लाझ्माचे उत्पादन पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस थांबवले, पाठोपाठ सॅमसंग आणि एलजीनेही. जुन्या बाजारात एखादा स्वस्तात दिसला तरी त्याचे सुटे भाग आता मिळायचे नाहीत. मायक्रो एलईडी तंत्र उत्तम, पण २०२३ मध्ये सॅमसंगने असा ११० इंची टीव्ही भारतात आणला तेव्हा त्याची किंमत एक कोटीच्या वर होती.

उजेड आणि कोन

खोलीला पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी तीननंतर ओएलईडीची मोठी गुणवत्ता झाकोळून जाते. खोलीत उजेड भरला की स्क्रीनवरचा काळा रंग खोलीच्या उजेडानेच राखाडी होतो, मग तो मुळात किती काळा होता याला अर्थ उरत नाही. तिथे लागते ती टीव्हीची स्वतःची तेजस्विता. ती निट्समध्ये मोजतात. साधा एलईडी टीव्ही २५० ते ३५० निट्सच्या आसपास असतो, चांगला मिनी एलईडी हजारांच्या पुढे जातो. ओएलईडीही लहानशा ठळक भागात खूप तेजस्वी होऊ शकतो, पण संपूर्ण स्क्रीन उजळ असेल, उदाहरणार्थ कार्टून किंवा क्रिकेटचे हिरवे मैदान, तर तो आपणहून बराच मंद होतो. मुलांचे बहुतेक कार्यक्रम असेच भडक आणि उजळ असतात.

उजेडाबरोबर प्रतिबिंबही पाहावे. टीव्ही खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नको, खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर हवा. तो पर्याय नसेल तर खिडकीला जाड पडद्याची सोय आधी करा. त्या पडद्याने जो फरक पडतो तो टीव्हीच्या पुढच्या मॉडेलनेही पडत नाही.

कोनाच्या बाबतीत ओएलईडी पुढे आहे. एलसीडीत दोन जातीचे पॅनल येतात. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट ३००० : १ किंवा त्याहून चांगला असतो, पण बाजूला सरकले की रंग धुतल्यासारखे होतात. आयपीएस पॅनल बाजूने बरे दिसते, पण त्याचा कॉन्ट्रास्ट १००० : १ च्या आसपासच राहतो. मुले समोर एका रांगेत बसत नाहीत, शिवाय जमिनीवर आडवी होऊन खालून वर पाहतात. मुले नेहमी कडेला बसणार असतील आणि खोली उजेडाची असेल तर आयपीएसची फिकट काळी छटा खटकत नाही. बसण्याची जागा टीव्हीसमोरच ठेवता येत असेल तर व्हीए घ्यावे. काही कंपन्या महाग व्हीए टीव्हींना कोन सुधारणारा थर लावतात. तो खरेच काम करतो का हे दुकानात बाजूला सरकून स्वतः पाहावे. पॅनल कोणत्या जातीचे आहे हे खोक्यावर सहसा छापत नाहीत, त्यामुळे तिथे डोळ्यांवरच भरवसा ठेवावा लागतो.

स्थिर चित्राचा डाग

खेळाच्या खोलीत ओएलईडीचा खरा अडथळा इथे येतो. त्यातला प्रत्येक ठिपका जळता असतो आणि वापरानुसार तो हळूहळू मंदावत जातो. स्क्रीनचा एक कोपरा रोज चारचार तास एकच ठळक आकृती दाखवत राहिला तर तेवढा भाग बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतो आणि तिथे कायमची सावली उरते. गेममधला नकाशा, आयुष्याची पट्टी, गोळ्यांची संख्या, क्रिकेटचा धावफलक, चॅनेलचा लोगो, बातम्यांच्या वाहिनीवरची खालची लाल पट्टी, हे सगळे याच प्रकारात मोडते. आपल्या वाहिन्यांवर तर एकाच वेळी दोनतीन पट्ट्या पळत असतात.

नवे ओएलईडी यावर बरेच उपाय करतात. चित्र काही ठिपके इकडेतिकडे सरकवतात, लोगोची जागा ओळखून मंद करतात आणि टीव्ही बंद झाल्यावर पॅनल समतोल करण्याची प्रक्रिया चालवतात. ही शेवटची गोष्ट आपल्या घरांत हमखास अडते. ती टीव्ही रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये चालते. आपल्याकडे वीज वाचवायची म्हणून किंवा मुलांनी परत लावू नये म्हणून लगेच भिंतीवरचे बटण बंद करायची सवय असते. मग ही प्रक्रिया कधी पूर्णच होत नाही. घरात ओएलईडी असेल तर टीव्हीचा पॉइंट रात्रभर चालू राहू द्यावा.

वैविध्याने पाहणाऱ्यांनी या डागाची धास्ती घेऊ नये. आज सिनेमा, उद्या सामना, परवा दुसरा गेम असा वापर असेल तर वर्षानुवर्षे काही होत नाही. पण मुले एकाच गेमच्या नादी लागतात, विरामावर ठेवून जेवायला जातात आणि टीव्ही तसाच राहतो. एलसीडीत अशा वापराने कायमचा डाग पडण्याची भीती नगण्य असते. ओएलईडी घेण्याचे ठरलेच तर हा दोष वॉरंटीत धरला जातो का, हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोडता वॉरंटीच्या कागदात वाचा.

चेंडू, हात आणि भिंत

आजची कोणतीही मोठी स्क्रीन धक्का सोसत नाही. एलसीडीच्या पुढे बहुधा पातळ प्लास्टिकचे आवरण असते आणि आत नाजूक काच. ओएलईडीचे पॅनल तर काही मिलिमीटरच जाड. रिमोट फेकला, खेळण्यातली गाडी लागली, तरी तडा जातो. अपघाती तडा वॉरंटीत बसत नाही आणि पॅनल बदलण्याचा खर्च बहुधा नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातो. म्हणजे तुटण्याची शक्यता जिथे जास्त, तिथे महागडे पॅनल लावणे हा जुगार आहे. लहान मुले असतील तर टीव्हीच्या मापाचे पारदर्शक ॲक्रिलिकचे संरक्षक आवरण लावता येते. त्याने थोडी चकाकी वाढते, पण चेंडू परतवला जातो.

टीव्ही स्टँडवर ठेवू नका. मोठा, पातळ टीव्ही टेबलावर दोन पायांवर उभा असतो आणि त्याला धरून उभे राहू पाहणाऱ्या मुलाच्या अंगावर तो कोसळू शकतो. ६५ इंची टीव्हीचे वजन साधारण वीस-पंचवीस किलो असते, ७५ इंचीचे तीसच्या पुढे. तो भिंतीवरच हवा, आणि भिंत कशाची आहे हे आधी माहीत हवे. जुन्या इमारतीतल्या विटांच्या भिंतीत नेहमीचे अँकर बोल्ट पक्के बसतात. नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती सिपोरेक्स म्हणजे एएसी ब्लॉकच्या असतात. त्या मऊ असल्याने त्यांना वेगळे, लांब अँकर लागतात. जिप्समच्या पार्टिशनवर मोठा टीव्ही लावायचा तर मागे लोखंडी किंवा प्लायवुडचा आधार घ्यावाच लागतो. बसवायला आलेल्या माणसाला ड्रिल सुरू करण्याआधी हे सांगा. गिट्टी ठोकून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

पुढे ओढता येणारा हाताचा माउंट या खोलीत टाळावा. टीव्ही भिंतीपासून जितका पुढे, तितका बोल्टवरचा ताण जास्त, आणि मुले त्याला लोंबकळून पाहतातच. साधा स्थिर किंवा किंचित खाली झुकणारा माउंट घ्या. माउंटची भोके टीव्हीमागच्या भोकांशी जुळायला हवीत, त्याचे माप टीव्हीच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेले असते. टीव्हीची खालची कड जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर ठेवली की रांगत्या मुलाचा हात पोहोचत नाही आणि मोठ्यांची मानही अवघडत नाही. वायर भिंतीतल्या पाइपातून किंवा केसिंगपट्टीतून घ्या, लोंबती ठेवू नका.

गेम खेळणारे घर

मुले कन्सोलवर खेळत असतील तर पॅनलच्या जातीइतकेच आणखी तीन गोष्टींना महत्त्व आहे. पहिली, रिफ्रेश रेट. ६० हर्ट्‌झच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, १२० हर्ट्‌झवर १२० वेळा. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही दोन्ही कन्सोल फोर-के चित्र १२० हर्ट्‌झने देऊ शकतात. जाहिरातीतले ‘मोशन रेट २४०’ असे आकडे मात्र पॅनलचा खरा वेग सांगत नाहीत. विचारायचे ते ‘नेटिव्ह पॅनल किती हर्ट्‌झचे?’ एवढेच.

दुसरी, एचडीएमआय २.१ ची जागा. काही टीव्हींत चारपैकी दोनच जागांवर १२० हर्ट्‌झ चालते, आणि त्यातल्याच एकीवर साउंडबारसाठी लागणारे ई-आर्क असते. दोन कन्सोल आणि एक साउंडबार असेल तर गणित फिसकटते. तिसरी, इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबणे आणि स्क्रीनवर हालचाल दिसणे यांतला अवकाश. चित्र सुधारण्याच्या सगळ्या प्रक्रिया चालू असल्या की तो जाणवण्याइतका वाढतो, ‘गेम मोड’ लावला की झपाट्याने कमी होतो. मुले ‘टीव्ही स्लो आहे’ म्हणतात तेव्हा बहुधा हा मोड बंद असतो.

घरात कन्सोल नसेल, फोनवरून कार्टून लावणे आणि सामने पाहणे एवढेच असेल, तर ६० हर्ट्‌झचा टीव्ही चालतो. वाचलेल्या पैशांत आवाजाची सोय करा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि पंखा चालू असला की संवाद ऐकूच येत नाहीत.

प्रोजेक्टर घ्यावा का?

शंभर इंची चित्र टीव्हीपेक्षा कमी पैशात मिळते, यामुळे प्रोजेक्टरचा मोह होतो. हिशेब करून पाहा. शंभर इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेतीन चौरस मीटर. त्यावर २००० एएनएसआय ल्यूमेनचा प्रोजेक्टर मारला तर साध्या पांढऱ्या पडद्यावर साधारण २३० निट्स मिळतात, म्हणजे साध्या टीव्हीपेक्षाही कमी. ऑनलाइन बाजारात मिळणारे हातात मावणारे प्रोजेक्टर बहुधा २०० ते ३०० एएनएसआय ल्यूमेनचे असतात. त्यांतून शंभर इंचांवर पस्तीस निट्ससुद्धा धड मिळत नाहीत. खोक्यावर नुसतेच ‘१०,००० ल्यूमेन’ लिहिलेले असेल आणि एएनएसआय किंवा आयएसओ हा शब्द नसेल तर तो आकडा विसरून जा. शिवाय प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. खोलीतला पांढरा पडदा उजेडात जितका उजळ दिसतो, त्याहून गडद काळा त्यावर उमटणार नाही.

आपल्या घरांत आणखी एक अडचण आहे : छताचा पंखा. साध्या प्रोजेक्टरला शंभर इंची चित्रासाठी नऊ ते अकरा फूट अंतर लागते, म्हणजे तो मागच्या भिंतीजवळ छताला टांगायचा आणि त्याचा झोत नेमका खोलीच्या मधोमध फिरणाऱ्या पात्यांतून जायचा. त्यापेक्षा खाली टांगला तर मुलांच्या डोक्यांच्या सावल्या पडद्यावर. भिंतीलगत ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेसर प्रोजेक्टर ही अडचण टाळतात, पण ते महाग असतात, त्यांना खास उजेडरोधक पडदा लागतो आणि ते बसतात मुलांच्या उंचीवर. चालू प्रोजेक्टरच्या भिंगात वाकून पाहणे डोळ्यांना घातक आहे. जवळ कोणी आले की झोत मंद करणारे सेन्सर त्यांत असतात, पण कुतूहल असलेल्या लहान मुलाच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नये.

प्रोजेक्टर शोभतो तो अंधार करता येणाऱ्या खोलीत, थोड्या मोठ्या मुलांच्या घरात, शनिवार-रविवारच्या सिनेमासाठी. रोजच्या दुपारसाठी तो नाही.

वीज, पाऊस आणि सेवा

मोठा टीव्ही विजेवर फार भार टाकत नाही. १५० वॉटचा टीव्ही रोज चार तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. खरा धोका दाबाच्या उसळीचा. नवे टीव्ही कमी-जास्त दाब बऱ्यापैकी पेलतात, पण वीज गेल्यावर परत येतानाचा झटका आणि पावसाळ्यातला विजेचा कडकडाट पेलत नाहीत. सर्ज प्रोटेक्टर लावा, अर्थिंग तपासून घ्या आणि वादळी पावसात डिशची केबलही सेट-टॉप बॉक्सपासून काढून ठेवा. वीज कोसळली तर ती केबलमधूनही येते. कोकणपट्टीत खारी, दमट हवा सर्किटला त्रास देते. तिथे टीव्ही बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावू नये आणि पावसाळाभर बंद ठेवू नये.

पॅनलचे तंत्र ठरवताना सेवेचाही विचार करा. तालुक्याच्या गावी नामांकित कंपनीच्या साध्या एलईडी टीव्हीसाठी माणूस लवकर येतो. ओएलईडीचा सुटा भाग जिल्ह्याच्या ठिकाणाहून किंवा मुंबईहून येण्याची वाट पाहावी लागू शकते. तुमच्या पिनकोडवर कंपनीचा माणूस येतो का, हे खरेदीआधी ग्राहक सेवा क्रमांकावर विचारा. घरपोच येताना खोके उभेच आले पाहिजे, मोठे पॅनल आडवे ठेवले की तडा जाण्याचा धोका असतो. ८५ इंची खोके जुन्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावरही अडते. आधी मोजून घ्या. खोके फोडताना मोबाइलवर चित्रण करा आणि स्क्रीन चालू करून पाहिल्याशिवाय सही करू नका.

दुकानात गेल्यावर

शोरूममधले टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डेमो’ मोडवर असतात आणि त्यांवरचे चित्र कंपनीनेच निवडलेले असते. आपला पेन ड्राइव्ह न्या. त्यात फोनवर फोर-केमध्ये काढलेला एखादा व्हिडिओ, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांची एक स्लाइड आणि एकसारख्या राखाडी रंगाची एक स्लाइड ठेवा. चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोडवर लावायला सांगा. राखाडी स्लाइडवर डाग आणि पट्टे दिसले तर ते क्रिकेटच्या मैदानावरही दिसतील. पांढऱ्या अक्षरांभोवती वलय किती, ते पाहा. मग बाजूला सरकून आणि चक्क उकिडवे बसूनही पाहा, कारण मुले तिथूनच पाहणार आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ६०,००० रुपये किमतीचा टीव्ही पूर्वी ७६,८०० रुपयांना पडायचा, तो आता ७०,८०० रुपयांना पडतो. ‘सवलत’ सांगताना दुकानदार जुन्या करासकटची छापील किंमत धरत नाही ना, हे बिलात तपासा.

मुलांचे डोळे

टीव्ही कितीही चांगला असला तरी वेळेची मर्यादा तंत्र ठरवत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको. पाहताना खोलीत मिट्ट काळोख करू नका, टीव्हीमागे एक मंद दिवा राहू द्या. रात्री ब्राइटनेस कमी करा. हजार निट्सचा टीव्ही दुपारसाठी आहे, झोपण्याआधीच्या गोष्टीसाठी नाही.

मग घ्यायचा कोणता?

दहा वर्षांखालची मुले, उजेडाची खोली आणि मिश्र वापर असेल, तर ५५ किंवा ६५ इंची मिनी एलईडी घ्यावा. तो उजेडाला पुरतो, स्थिर चित्राला घाबरत नाही आणि ओएलईडीपेक्षा स्वस्त पडतो. पैसे कमी असतील तर साधा ५५ इंची क्यूएलईडी किंवा एलईडी घ्या आणि वाचलेली रक्कम मजबूत माउंट, ॲक्रिलिकचे आवरण आणि साउंडबारवर खर्च करा. मुले मोठी असतील, खोली अंधार करता येत असेल आणि सिनेमाची खरी आवड असेल, तर ओएलईडीइतके सुंदर चित्र दुसरे नाही, फक्त एकाच गेमचा अतिरेक नको आणि भिंतीवरचे बटण बंद नको. प्रोजेक्टर हा दुसरा टीव्ही म्हणून घ्या, पहिला म्हणून नाही. दोन मॉडेल्समध्ये फार घोळ होत असेल तर स्वस्तातले घ्या. या खोलीतला टीव्ही हॉलमधल्यापेक्षा आधी बदलावा लागतो.